एक हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्याने डंबेल उचलावं का?

कट्ट्यावरचा_कोथरूडकर
गेल्या आठवड्यात 'पन्नाशीनंतरचा व्यायाम' या धाग्यावर लालमाती यांनी लिहिलं, "एका बाजूला दुखापत असेल तर दुसऱ्या बाजूचाही व्यायाम बंद ठेवा. नाहीतर अर्धं अंग भीमाचं आणि अर्धं सुदाम्याचं होईल." त्यावर धडाधड सतरा +१. मी उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

जुलैत सोसायटीच्या गेटपाशी ओल्या फरशीवर स्कूटर घसरली. वेग रिक्षावाला हसेल इतका. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. जिममधला पोरगा म्हणाला, "सर, दोन महिने नुसती सायकल मारा, इम्बॅलन्स येतो." डॉक्टर म्हणाले, "प्लास्टर भिजवू नका, बोटं हलवत राहा, पडू नका, बाकी काय करायचं ते करा." मी डॉक्टरांचं ऐकलं. उजव्या हाताने रो, प्रेस, कर्ल, आठवड्यातून तीनदा. पाय तर धडधाकट होतेच.

प्लास्टर कापलं तेव्हा डावा हात वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा दिसत होता. वासाबद्दल बोलत नाही. पण परवानगी मिळाल्यावर अडीच महिन्यांत तो उजव्याच्या मागे फक्त दोन किलोंवर आला. सुदामा कुठे आहे?

आणि हे माझं डोकं नाही. १८९४ साली येल विद्यापीठात एकाच हाताने दाब द्यायचा सराव करवून घेतला, तर सराव न केलेल्या हाताचीही ताकद वाढली. याला क्रॉस एज्युकेशन म्हणतात. सव्वाशे वर्षं झाली. आपल्याकडे अजून सुदामा चालू आहे.

लालमाती
कट्टासाहेब, येल विद्यापीठात लंगोट बांधत नाहीत. मी वयाच्या अकराव्या वर्षापासून सांगलीकडच्या तालमीत आहे. वस्तादांचा नियम एकच होता: जे करायचं ते दोन्ही अंगांनी. करेल, म्हणजे लाकडी मुद्गल, फिरवायची तर दोन्ही हातांनी. एक हात जायबंदी असेल तर दुसराही गप्प, माती उकरायची, पोरांचे जोर मोजायचे. माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन होऊन अकरा वर्षं झाली. आजही सकाळी दोनशे बैठका मारतो, दोन्ही पायांनी, सारख्या. तुमचं मनगट मोडून किती महिने झाले म्हणालात?

कट्ट्यावरचा_कोथरूडकर
दोन्ही अंगांनी म्हणता, पण तुमचा प्रत्येक पैलवान ढाक हा कुस्तीचा डाव एकाच बाजूला लावतो. वेगवान गोलंदाजाच्या कमरेचे दोन बाजूंचे स्नायू सारखे नसतात, टेनिसवाल्याच्या खेळणाऱ्या हाताचं हाडसुद्धा जाड असतं. त्यांना कोणी सुदामा म्हणत नाही.

ठाण्याची_ठकी
ऑपरेशन, लिगामेंट वाचून राहवलं नाही. खांदा आखडला होता म्हणून मी फिजिओकडे बावीस दिवस गेले. बावीस! रोज चिकटपट्ट्यांचं मशीन लावायचं, दहा मिनिटं मुंग्या, मग जेल लावून अल्ट्रासाउंडचा दांडा गोल फिरवायचा, झालं. फिजिओ पडद्यापलीकडे फोनवर. एकही व्यायाम शिकवला नाही. वर पॅकेज घेतलं तर दोन दिवस फुकट. दोन दिवस मुंग्या फुकट!

खारदांडा
ठकीताई +१००. आमच्या आईला पण तेच मशीन. त्यापेक्षा गावचा हाडवैद्य बरा, तेल लावून एका बैठकीत बसवतो.

कट्ट्यावरचा_कोथरूडकर
हाडवैद्याचं नाव काढू नका. माझ्या आत्याचं कोपर 'एका बैठकीत' बसवलं, गेली तीस वर्षं ती त्या हाताने वेणी घालू शकत नाही.

लालमाती
म्हणजे एक आत्या सापडली की अख्खी परंपरा खोटी? आमच्या तालमीत खांदा निखळला तर वस्ताद जागेवर बसवायचे.

खारदांडा
आणि फिजिओकडे बावीस दिवस जाऊन ठकीताई अजून वरच्या कप्प्यातला डबा काढू शकत नाहीत. ते चालतं का?

ठाण्याची_ठकी
डबा काढते हो आता. मी काय कायमची अपंग आहे का? कमाल आहे.

अडुळसा
मी फिजिओ आहे, चौदा वर्षं. आधी ठकीताई: तुमचा राग रास्त आहे. नुसता शेक आणि मुंग्या देऊन पाठवणं म्हणजे उपचार नव्हे, आणि आमच्या धंद्यात ते चालतं, हे मला लाज वाटून मान्य आहे. खारदांडा आणि लालमाती, निखळलेला खांदा एक्स-रे न काढता ओढला आणि आत हाड मोडलेलं असलं तर काय होतं, ते तुम्हाला बघावं लागू नये इतकंच म्हणते.

आता मूळ विषय, जो सहा प्रतिसादांपूर्वी वारला.

कोथरूडकर, क्रॉस एज्युकेशन खरं आहे, पण नीट सांगा. न वापरलेल्या बाजूची ताकद सरासरी ८ ते १२ टक्क्यांनी वाढते, आणि ती मज्जासंस्थेमुळे. प्लास्टरमधला हात त्याने जाडजूड होत नाही. ताकद टिकायला मदत होते, एवढंच. तुमचा हात परत आला त्यात नंतरच्या अडीच महिन्यांचा वाटा मोठा.

लालमाती, चांगली बाजू गप्प ठेवून तोल राहत नाही. दोन्ही बाजू सुकतात, एवढीच समानता मिळते. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर खेळायला सोडताना आम्ही दोन पायांची ताकद ताडून बघतो, दुखरा पाय चांगल्याच्या किमान ९० टक्के हवा. पण चांगला पायही सहा-आठ महिन्यांत सुकलेला असेल तर ते ९० टक्के कशाचे? सुकलेल्याचे. म्हणून चांगला पाय चालू ठेवायचा. मग दुखऱ्याला परवानगी मिळाली की सेट त्याच्यापासून सुरू करायचा, आणि चांगल्याने फक्त तेवढंच करायचं जेवढं दुखऱ्याला जमलं. शिवाय खांदा दुखतो म्हणून पाठीचे ओढायचे व्यायाम सोडून फक्त छातीने ढकलायचं बेंच प्रेस करत बसलात, तर खरा असमतोल तिथे येतो, डाव्या-उजव्यात नाही.

लालमाती
बाई, पुस्तकी उत्तर झालं. माझे दोन्ही पाय सारखे आहेत. दोनशे बैठका खोट्या का?

अडुळसा
बैठका खऱ्याच आहेत. पण दोन पायांच्या बैठकेत दुखरा पाय कामचोरी करतो आणि मालकाला पत्ता लागत नाही. गुडघ्यात सूज असते त्या काळात मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला पुरतं काम करू देत नाही, आणि सूज गेली तरी वजन दुसरीकडे ढकलायची सवय वर्षानुवर्षं राहते. घरी दोन वजनकाटे घ्या, एकेका पायाखाली ठेवा, अर्ध्या बैठकेत थांबा आणि कोणाला तरी आकडे वाचायला सांगा.

लालमाती
वजनकाट्यावर बैठका. हेच बघायचं राहिलं होतं.

कट्ट्यावरचा_कोथरूडकर
अडुळसा, ८ ते १२ टक्के म्हणजे 'एवढंच' नव्हे हो. पण ठीक आहे, अडीच महिन्यांचं श्रेय अडीच महिन्यांना. लालमाती, एक सांगून ठेवतो: वजन वाढवत नेण्याची शिस्तबद्ध पद्धतच मुळी जायबंदी लोकांवर बसवली गेली. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी इस्पितळात डेलॉर्म नावाचा डॉक्टर सैनिकांच्या मोडक्या गुडघ्यांना लोखंडी वजनं बांधत होता. १९४५ साली त्याने ते छापलं. माती उकरत बसवलं नाही त्याने कोणाला.

खारदांडा
पुन्हा परदेशी दाखले. बाकी चालू द्या.

ठाण्याची_ठकी
अडुळसा, तुम्ही ठाण्यात बसता का? पॅकेज नको आहे.

लालमाती
सुनेचा काटा आणि शेजारच्यांचा काटा आणला. माझं वजन ७५. नातू आकडे वाचत होता. डावा पाय ४५, उजवा ३०. शेजारच्यांचा काटा बिघडलेला असणार.

अडुळसा
काटे अदलाबदल करून बघा.

लालमाती
केले. तेच आले.

एका पायाची बैठक कशाचा आधार घेऊन मारायची, खुर्ची की भिंत? नातवाला विचारायचं आहे.