मदत हवी आहे : ४के मॉनिटरसाठी ऑफिसचा पीसी

नमस्कार मंडळी. ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं इंटिरियर ड्रॉइंगचं छोटं ऑफिस आहे. मोठ्या हौसेने २७ इंची ४के मॉनिटर घेतला, पण चौथ्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर असलेल्या जुन्या पीसीला एचडीएमआयने जोडला तर ३० हर्ट्झच्या (सेकंदाला ३० चित्रं) वर जायचं नाव नाही. माऊस हलवला की बाण मागून लंगडत येतो. ऑटोकॅडमध्ये रेघ पकडताना तर डोकंच उठतं. केबल बदलून पाहिली, फरक शून्य. मग कळलं, जुन्या मदरबोर्डाचा पोर्टच एचडीएमआय १.४ आहे, ३८४० बाय २१६० ला ६० हर्ट्झ हवे तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतो.

दुकानदार आय-५ १२४००एफ प्रोसेसर गळ्यात मारत होता, 'स्वस्त पडेल' म्हणून. त्या 'एफ'मध्ये मॉनिटरवर चित्र दाखवणारं ग्राफिक्सच नसतं, हे घरी येऊन वाचलं. वाचलो!

आता साधा १२४००, ८-८ जीबीच्या दोन रॅम आणि ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी असा विचार आहे. काम टू-डी ड्रॉइंग, एक्सेल आणि ब्राउझरचे पन्नास टॅब. गेम कोणी खेळत नाही (निदान माझ्यासमोर तरी).

बोर्ड कुठला घेऊ? एकाच चिपसेटच्या बोर्डांवरही पोर्ट वेगवेगळे दिसतात. की जुन्याच पीसीत जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड टाकून भागेल? कॅबिनेट स्लिम आहे, त्यामुळे कार्ड बुटकंच लागेल. बजेट ३५ हजार, मॉनिटर सोडून. कोणी असा सेटअप रोज वापरत असेल तर बोर्डाचं मॉडेल नक्की सांगा.