कामावर पुढाकार: सुचतं सगळ्यांना, मग बोलत का नाहीत? (अनुभव धागा)

आमराईवाला
रत्नागिरीजवळ आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात उत्पादन बघतो. एप्रिल ते जून आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. पल्प काढायचा, ८५० ग्रॅमचे आणि ३.१ किलोचे डबे भरायचे, झाकणं बसवायची, उकळत्या पाण्यात सोडायचे.

यंदा झाकण बसवणाऱ्या मशीनवर मधूनच एखाद्या डब्याची कड नीट दुमडत नव्हती. मशीनवरच्या पोराला ते आधीच कळलं होतं. रोलर ढिला झाला की आवाज बदलतो म्हणे. "मग बोलला का नाहीस?" तर म्हणाला, "बोललो की मशीन थांबणार. वहीत 'कोणामुळे थांबलं' असा रकाना आहे. तिथे माझं नाव जाणार."

तसा रकाना खरंच आहे, माझ्या आधीपासूनचा. आता त्या जागी 'काय बिघडलं' असं लिहितो. पण एक रकाना खोडून किती फरक पडणार? म्हणून हा धागा. हाताखालच्या माणसाने आपण होऊन काही सुधारलं, किंवा सुधारू पाहिलं आणि त्याचा विचका झाला, असं तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. 'महिन्याचा उत्तम कर्मचारी' छापाच्या गोष्टी नकोत, त्या भिंतीवर पुष्कळ लागल्यात. कंपन्यांची नावं टाळा.

काजूबोंडू
वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बी आधी वाफेवर शिजवतात, मग पसरून निववतात, मग बायका टेबलाशी बसून पायाने दाबायच्या कटरवर एकेक बी कापतात आणि आतला गर अलगद सोडवतात. गर अख्खा निघाला तर भाव, फुटला तर तुकडा. डब्ल्यू ३२० हा अख्ख्या मालाचा नेहमीचा ग्रेड, पौंडाला ३०० ते ३२० गर. त्याच्या आणि तुकड्याच्या दरात मोठी तफावत असते, आणि आमच्याकडे मजुरी अख्ख्या गराच्या किलोवर.

दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढल्या तशी सकाळी शिजवलेली बी दुपारीच कटिंगला यायला लागली. तुकडा वाढला. मालक म्हणाले पाती बोथट झाली. नवीन पाती आणली. तुकडा तेवढाच. तेव्हा जुन्यातली एक बाई उठून माझ्याकडे आली. "सायबानू, पात्याक कित्याक दोष देतास? बी अजून निवाक नाय."

तिने दोन सुपं बाजूला काढून ठेवली होती. एकात रात्रभर निवलेली बी, दुसऱ्यात त्याच दिवशीची. चिकाने हात सोलवटू नयेत म्हणून बोटांना तेल चोपडलं आणि माझ्यासमोर कापायला बसली. रात्रभर निवलेल्या बीचं कवच कडकन दुभंगायचं आणि गर आत सुटा असायचा. ताज्या बीचं कवच चामड्यासारखं वातड. गर त्याला धरून बसायचा आणि काढताना टोकाशी मोडायचा. बघायला काही मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गप्प का, तर दाखवायचं म्हणजे काम थांबवून सुपं वेगळी करायची, आणि थांबलेल्या वेळाची मजुरी कोण देणार? किलोवर पैसे घेणाऱ्या बाईने स्वतःच्या खिशातून प्रयोग करायचा, असा त्याचा अर्थ. एवढंसं पण सगळं तिथेच अडलेलं.

मालकांना पटवायला जरा वेळ लागला, पण आता नियम आहे. कुणाला काही करून बघायचं असेल तर मला सांगायचं, आणि तेवढ्या वेळाची मजुरी तिच्या रोजच्या सरासरीने लावायची. त्यानंतर बरंच बाहेर आलं. टेबलावरचा दिवा उजवीकडून डावीकडे नेला, कारण उजव्या हाताची सावली पात्यावर पडायची. मी त्याच टेबलांमधून रोज फिरतो.

लोटे_बी_शिफ्ट
रसायन कारखान्यात फील्ड ऑपरेटर. आमच्याकडे 'निअर मिस' रजिस्टर असतं. अपघात होता होता राहिला तर त्यात नोंद करायची. आधीच्या साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "शिफ्ट कोणाची?" रजिस्टर कोरं करकरीत राहिलं आणि मीटिंगमध्ये तेच कौतुकाने दाखवलं गेलं.

नवे प्लांट हेड आले. म्हणाले, कोरं रजिस्टर बघून मला झोप लागत नाही. त्यांनी कंट्रोल रूमबाहेर एक फळा लावला. आज चिठ्ठी दिली की उद्या त्याच शिफ्टला फळ्यावर उत्तर. उत्तरं तीनच: करतो. करत नाही, कारण अमुक. बघतोय, तमुक तारखेला सांगतो. अर्ध्याअधिक चिठ्ठ्यांना 'करत नाही' असायचं, तरी चिठ्ठ्या वाढत गेल्या. लोकांना होकारच हवा असतो असं नाही. आपलं वाचलं गेलं, एवढं कळलं तरी माणूस पुन्हा लिहितो. माझ्या एका सूचनेला (नमुना काढायच्या सॅम्पलिंग व्हॉल्व्हचं तोंड चालायच्या वाटेवर होतं) आधी 'आत्ता नाही, शटडाऊनला', म्हणजे प्लांट दुरुस्तीसाठी बंद असताना, असं उत्तर होतं. शटडाऊनला तोंड फिरवलं.

कायद्याचंही सांगतो. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, तेव्हाच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात ४१-जी आणि ४१-एच ही कलमं आली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समितीवर व्यवस्थापनाइतकेच कामगारांचे प्रतिनिधी, आणि जिवाला धोका वाटला तर तसं वरिष्ठांच्या लक्षात आणून देण्याचा कामगाराचा हक्क. म्हणजे ही काही साहेबाची मेहेरबानी नव्हती. तरी कंत्राटी पोरं स्वतःच्या नावाने चिठ्ठी देत नाहीत. ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटपास काढून घेईल ही भीती. ती आमच्याकडे सांगतात, आम्ही लिहितो.

टोयोटाचं उदाहरण प्रत्येक ट्रेनिंगला ऐकतो. तिथे १९५१ पासून कामगारांच्या सूचना घेतात, आणि काही खटकलं तर दोरी ओढून लाईन थांबवायची मुभा आहे. खरं आहे. पण तिथे दोरी ओढल्यावर टीम लीडर मदतीला धावतो. आपल्याकडे दोरी तेवढी आणतात.

पाच_वाजता_घरी
मी जरा उलटं लिहिते. एका पतसंस्थेत काउंटरला आहे. मीच सुचवलं होतं की हप्त्याची आठवण व्हॉट्सॲपवर पाठवू, लोकांचा दंड वाचेल. टाळ्या पडल्या. मग: "मॅडम, तुमचीच कल्पना, तुम्हीच बघा." आता रविवारी जेवताना कर्जदारांचे फोन येतात. नंबर माझा, मोबाईल माझा, रिचार्जही माझाच. भत्ता विचारला तर "संस्था आपलीच आहे ना?"

त्यानंतर मला पुष्कळ गोष्टी सुचल्यात. एकही बोलले नाही, बोलणार नाही.

आमराईवाला
@पाच_वाजता_घरी, तुमचं वाचून मशीनवरचा पोरगा आठवला. दोघांचा हिशेब एकच आहे. तोंड उघडलं की बिल आपल्याच नावावर.

खलाशी_नव्हे
दोन ओळी मच्छीवाल्यांच्या. ज्या होडीवर वाट्याची पद्धत आहे तिथे डिझेल जास्त जाळलं की पोरंच तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याला, टोकतात, कारण खर्च वजा जाऊन वाटा पडतो. नुसत्या पगारावरच्या बोटीत बर्फ कमी भरला हे सगळ्यांना दिसतं आणि कोणी काही बोलत नाही. मासळी नरमली तर नुकसान शेटचं.

करबुडे_पलीकडे
कोकण रेल्वेत ट्रॅकवर नोकरी झाली, आता निवृत्त. पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला तेव्हा आम्ही तरुण होतो. पावसाळी गस्त म्हणजे काय ते घाटातल्या माणसाला सांगायला नको. रात्री, धो धो पावसात, बॅटरी घेऊन कटिंगमधून, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेतून, चालायचं. माती सरकलीय का, गटार तुंबलंय का, वरून दगड सुटलाय का बघायचं. २००३ ला वैभववाडीजवळ आणि २००४ ला करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांनीच अपघात झाले. नंतर जाळ्या, उतार कापणं, पावसाळ्यात कमी वेग, हे सगळं वाढत गेलं.

मुद्दा असा की धोका वाटला तर गस्तवाला गाडी थांबवू शकतो. लाल बत्ती दाखवायची, रुळावर इशाऱ्याचे फटाके लावायचे. कुणाला फोन करून परवानगी मागायची नाही, तेवढा वेळच नसतो. एका रात्री माझ्या जोडीदाराने गाडी थांबवली. जाऊन बघितलं तर दगड नव्हता, झाडाची मोठी फांदी आडवी पडली होती. इंजिन सहज ढकलून गेलं असतं. आम्ही म्हटलं आता याला बोलणी बसणार. सकाळी आमचे पीडब्ल्यूआय (रुळांचे इन्स्पेक्टर) आले, सगळ्या गँगसमोर त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "बरोबर केलंस." त्या दिवशी त्याला झापलं असतं तर पुढच्या पावसात आमच्यातला प्रत्येक जण बत्ती वर करण्याआधी दोनदा विचार करत बसला असता.

माडाखाली_खुर्ची
तारकर्लीला होमस्टे आहे. कामावरच्या मुलांना सांगून ठेवलंय, पाहुण्याची अडचण ५०० रुपयांत सुटत असेल तर मला विचारायचं नाही, नंतर सांगायचं. लाईट गेली, बर्फ आणला. लहान मुलाला ताप, रिक्षा करून दिली. एकदा मात्र एका पठ्ठ्याने जेवण उशिरा झालं म्हणून आख्ख्या ग्रुपला सुरमईची थाळी माफ केली! मर्यादा माणशी धरली होती त्याने. हिशेब बघून मला घाम फुटला. पैसे त्याच्याकडून कापले नाहीत. नियमात 'एका प्रसंगाला' एवढे शब्द घातले.

निवृत्त_कंपाउंडर
सरकारी आरोग्य खात्यात, रायगडात नोकरी झाली. पुढाकार म्हटला की आमच्या भागात डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव निघतं. १९७६ च्या सुमारास ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा लाल विंचू चावला की धडधाकट माणूस काही तासांत गुदमरून जायचा. वरून कुणी संशोधनाचा हुकूम काढला नव्हता. ते रात्रभर रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले आणि बिघाड हृदयात होतो आणि फुप्फुसात पाणी साचतं हे पकडलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, गोळीने देता येणारं औषध वापरलं. मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक टक्क्यापर्यंत उतरलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली.

पण हे उदाहरण देताना मला थोडं अवघडतं. साहेब लोक ते असं वापरतात की बघा, साधनं नसतानाही माणूस करतो! सगळ्यांकडून ती अपेक्षा धरून चालत नाही. आमच्या केंद्रात एका नर्सबाईने सर्पदंशाच्या लसीच्या कुप्या मुदतीप्रमाणे लावल्या, आधी संपणारी पुढे, आणि फ्रिजच्या दारावर यादी चिकटवली. तिला पद्मश्री नको होती. फ्रिजचं रबर बदलून हवं होतं. ते तिच्या बदलीनंतर आलं.

लोटे_बी_शिफ्ट
@काजूबोंडू, त्या बाईला शेवटी काय मिळालं? मजुरी वाढली का?

काजूबोंडू
मालकांनी दिवाळीला साडी दिली आणि तिला ग्रेडिंगला घेतो म्हणाले. हाताला चीक नाही, आमच्याकडे ती बढती समजतात. तिने नको सांगितलं. ग्रेडिंगला रोजावर पैसे मिळतात, कटिंगला तिचा हात एवढा चालतो की किलोवर त्याहून जास्त पडतात. वर म्हणाली, बढतीच द्यायची तर शिजवलेली बी कधी कापायला घ्यायची ते आम्हाला ठरवू द्या. त्यावर मालक "बघू" म्हणालेत. लोट्याच्या फळ्याचा फोटो मिळाला तर पाठवा, त्यांना दाखवायचाय.