शब्दचर्चा : लॅटिट्यूड

सांगली : एका इंग्रजी कराराचा मराठी तर्जुमा करतेय. देखरेख करणाऱ्याला कामात 'लॅटिट्यूड' असेल, असं कलम आहे. शाळेपासून 'अक्षांश' एवढाच अर्थ माहीत. सर, या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध?

सातारा : ताई, तिथे 'मोकळीक' लिहा. 'मुभा' परवानगीकडे झुकते, 'सूट' म्हटलं की नियमातून वगळल्यासारखं वाटतं, आणि 'ढील' दिली म्हणजे लक्ष कमी केलं असा अर्थ निघतो. आपल्या अकलेने ठरवायला मिळते ती मोकळीक.

संबंध आहे. लॅटिनमध्ये 'लातुस' म्हणजे रुंद, त्यावरून 'लातितूदो' म्हणजे रुंदी. ग्रीक-रोमनांना ठाऊक असलेलं जग पूर्व-पश्चिम लांबट होतं, म्हणून दक्षिणोत्तर माप ते रुंदी. दुसऱ्या शतकात टॉलेमीने गावोगावच्या जागा अशाच लांबी-रुंदीने नोंदवल्या. रुंदी आली की हातपाय पसरायला जागा आली. मोकळीक तिथूनच.

आपल्या 'अक्षांशा'त मात्र रुंदी कुठेच नाही, आणि मला तो शब्द त्यामुळेच फार आवडतो. अक्ष म्हणजे पृथ्वी ज्याभोवती फिरते तो आस. त्याची दिशा क्षितिजापासून जितके अंश वर, तितके गावाचे अक्षांश. ध्रुवतारा साधारण तिथेच असतो. साताऱ्याचे अक्षांश साडेसतराच्या जरा वर. अजिंक्यताऱ्यावरून रात्री शहराकडे, म्हणजे उत्तरेला, तोंड करा आणि हात लांब करून मूठ धरा. एक मूठ सुमारे दहा अंश. क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर ध्रुव सापडतो. तुमच्या सांगलीत तो अंशभर खाली.

जुने ज्योतिषी हेच दिवसा सावलीवरून काढत. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ खुंटी, उभा करून विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, भर माध्यान्हीची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. साताऱ्याला ती पावणेचार अंगुळांहून किंचित जास्त भरते.

सांगली : बैलगाडीचा आस तो हाच?

सातारा : हाच. कुक्षीची कूस, मक्षिकेची माशी, तसा अक्षाचा आस. वडील चाक उतरवून आसाला वंगण लावायचे. चाक गरगर फिरायचं, आस जागच्या जागी. फक्त 'आस लागली' मधली आस वेगळी. ती स्त्रीलिंगी, आशेवरून आलेली.