कशासाठी निघालो आणि कसे गेलो : प्रवासाचे अनुभव

नमस्कार. प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपण कुठे गेला होता, किती दिवस होता आणि काय काय पाहिले, हे हमखास विचारतो. कशासाठी निघाला होता आणि त्यासाठी हीच वाट, हेच वाहन का निवडले, हे मात्र सहसा विचारत नाही. प्रवास साधतो किंवा फसतो तो या दोन गोष्टींची सांगड बसते की नाही यावर, असे माझे मत आहे. म्हणून या धाग्यात दोन्ही गोष्टी एकत्र लिहाव्यात, अशी सर्वांना विनंती आहे. फसलेले प्रवासही अवश्य लिहावेत.

सुरुवात मी करतो. पृथ्वी किती मोठी आहे हे नकाशावर नव्हे तर अंगावर अनुभवावे, या एकाच इच्छेने २०१६ साली मी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा ९,२८९ किलोमीटरचा प्रवास रेल्वेने, मध्ये कुठेही न उतरता केला. दोन्ही टोकांच्या घड्याळांत सात तासांचा फरक आहे आणि गाडीला जवळपास सात दिवस लागतात. म्हणजे रोज साधारण एक तास कमी होत होता, आणि माणसाचे शरीरही दिवसाला साधारण एवढाच बदल पचवू शकते. त्यामुळे पूर्व टोकाला उतरलो तेव्हा झोपेची काहीही तक्रार नव्हती. परतताना विमानाने हाच प्रवास सुमारे नऊ तासांत झाला आणि पुढचा आठवडाभर मी संध्याकाळी पाचला पेंगत होतो व पहाटे तीनला टक्क जागा होतो. पृथ्वीचा मोठेपणा मला त्या दोन्ही प्रवासांनी मिळून शिकवला.

*

माझ्या प्रवासाचे कारण आकाशात असते आणि त्याची वेळ सेकंदापर्यंत आधीच ठरलेली असते. पृथ्वीवरच्या कोणत्याही एका ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरी सुमारे ३७५ वर्षांतून एकदा दिसते. ते आपल्या दारी येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो. आपणच सावलीच्या वाटेवर जाऊन उभे राहावे लागते. २१ ऑगस्ट २०१७ रोजी ही सावली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गेली, तेव्हा मी तिथेच एका नातलगांकडे होते आणि त्यांच्या घरून सूर्य ९७ टक्के झाकलेला दिसणार होता. उरलेल्या तीन टक्क्यांसाठी कशाला धावपळ करायची, असा विचार करून मी थांबले. ऊन पातळ झाले, झाडाखाली पानांच्या सावल्यांत सूर्याच्या शेकडो कोरी उमटल्या आणि तिथेच सगळे संपले. तीन टक्के सूर्य शिल्लक असला तरी दिवस दिवसच राहतो, हे वाचून मला ठाऊक होते, पण उमगले त्या दुपारी.

म्हणून ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणासाठी मी गटासोबतची सहल, बस आणि रेल्वे हे पर्याय विचारपूर्वक बाजूला ठेवले आणि भाड्याची मोटार घेतली, कारण ढग आले तर शेवटच्या घटकेला जागा बदलता आली पाहिजे. मुक्काम टेक्सासमध्ये होता. त्या दिवसांत तिथे आकाश मोकळे असण्याची शक्यता उत्तरेकडच्या भागापेक्षा अधिक मानली जात होती. परंतु हवामानाचा अंदाज रोज बिघडत गेला, तेव्हा आदल्या दुपारी आम्ही सामान गाडीत टाकले आणि ईशान्येला आर्कान्सॉमध्ये गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजायला दहा मिनिटे कमी असताना, एका मैदानाच्या कडेला उभे असताना, उजेड जुन्या पितळेच्या रंगाचा झाला, रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले आणि सूर्याच्या जागी काळी तबकडी आली. तिच्या खालच्या कडेला एक गुलाबी ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसत होता. सूर्यावरून उसळलेली ती ज्वाला होती. मी भाच्याला ते समजावून सांगू लागले तर तो म्हणाला, "मावशी, आत्ता बोलू नकोस ना." चार मिनिटांहून थोडा अधिक काळ आम्ही कोणीच बोललो नाही. परतीच्या दोन तासांच्या रस्त्याला सात तास लागले, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

*

सगळेच प्रवास हौसेने होत नाहीत, म्हणून हा अनुभव लिहितो. वडिलांची प्रकृती अत्यवस्थ असल्याचा भावाचा फोन रात्री आला आणि पहाटेच्या विमानाने मी निघालो. वेगाखेरीज दुसरा कोणताही विचार त्या वेळी संभवत नव्हता. शेजारच्या आसनावरच्या वयस्कर बाईंनी मायेने विचारले, "फिरायला निघालात का?" मी "हो" म्हणालो, कारण खरे उत्तर माझ्याने उच्चारवले नसते. मी पोहोचलो तेव्हा वडील शुद्धीवर होते. त्यांनी माझा हात ओळखला. पंधरा दिवसांनी परतताना मात्र मी दोन रात्रींची रेल्वे घेतली. त्या घरातून निघून या घरात येईपर्यंत मधला काही काळ मला हवा होता. विमानाने आलो असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर झालो असतो, आणि ते मला जमले नसते.

*

"तुम्हाला दिसत नाही, मग प्रवास कशासाठी करता?" हा प्रश्न मला बहुतेक प्रवासात एकदा तरी विचारला जातो. माझी दृष्टी एकविसाव्या वर्षी गेली. त्यानंतरची काही वर्षे मीही हाच प्रश्न स्वतःला विचारत घरी बसून होतो.

त्यातून मला बाहेर काढले ते जेम्स होल्मन यांच्या चरित्राने. १७८६ मध्ये जन्मलेला हा ब्रिटिश नौदलातील अधिकारी पंचविसाव्या वर्षी अंध झाला आणि पुढे एकट्याने जगभर फिरला. सैबेरियामार्गे पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या त्याच्या पहिल्या प्रयत्नात हेरगिरीच्या संशयावरून त्याला इर्कुत्स्कहून माघारी आणून थेट सरहद्दीबाहेर पोहोचवण्यात आले, तरी त्याने काही वर्षांनी प्रदक्षिणा पूर्ण केलीच. मला सर्वांत भावलेली गोष्ट लहानशी आहे. घोडागाडीत बसून कंटाळा आला की तो खाली उतरे आणि गाडीला बांधलेली दोरी हातात धरून तिच्या बरोबरीने चालत राही. रस्त्याचा चढउतार, खडी, चिखल हे सगळे त्याला पायांनी कळत असे.

मी साधन निवडतो तेही याच कसोटीवर. बंद काचांचा वातानुकूलित डबा माझ्यासाठी भिंत आहे. त्यातून मी पाचशे किलोमीटर गेलो तरी कुठेच गेलेलो नसतो. उघड्या खिडकीशी बसलो की पूल आला हे चाकांचा आवाज एकदम पोकळ झाल्यावर कळते, बोगदा आला की तोच आवाज अंगावर चालून येतो आणि कानांत दडा बसतो, आणि बाहेर पडल्यावर दरी आहे की झाडी आहे हे आवाज परत येतो की विरून जातो यावरून ओळखता येते. बर्फाळ प्रदेशात पहिल्यांदा गेलो, तेव्हा ताज्या बर्फाने आजूबाजूचे आवाज इतके शोषून घेतले होते की मी अक्षरशः घाबरलो, कारण पांढऱ्या काठीची टकटकही माझ्यापर्यंत पोहोचत नव्हती. पहिल्या दिवशी मी पन्नास पावले चाललो. चौथ्या दिवशी पायाखालच्या करकरण्यावरून बर्फ ताजा की शिळा हे मला सांगता येऊ लागले होते.

*

दोरीचा हा प्रसंग मला ठाऊक नव्हता. मनापासून आभार. आणखी अनुभव येऊ द्यावेत.

*

सांगड घालायची ती कारणाची साधनाशी, हे धागाकर्त्यांचे म्हणणे मला पटते. पण चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणाऱ्या माझ्यासारखीच्या बाबतीत क्रम उलटा असतो. कसे जाता येईल हे आधी ठरते आणि कशासाठी जायचे हे त्यात बसवावे लागते. माझी खुर्ची विजेवर चालते. बहुतेक विमान कंपन्या निदान ४८ तास आधी कळवायला सांगतात, बॅटरीचा प्रकार आणि खुर्चीचे वजन विचारतात, आणि शेवटी खुर्ची सामानाच्या कप्प्यात जाते व मला अरुंद खुर्चीवर पट्ट्यांनी बांधून आसनापर्यंत नेले जाते. एकदा उतरल्यावर मला माझी खुर्ची मिळाली ती दिशा देणारा दांडा मोडलेल्या अवस्थेत. भरपाई पुढे यथावकाश मिळाली. पण ज्या मैत्रिणीच्या लग्नासाठी मी गेले होते तिथे तीन दिवस मला कुणीतरी ढकलत नेले. खुर्ची मोडणे म्हणजे बॅग फाटणे नव्हे, तर पाय मोडणे आहे, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना समजावताना मला रडू आले होते.

तेव्हापासून मी खुर्चीची बैठकीची गादी आणि सुटे होणारे सगळे भाग काढून स्वतःजवळ ठेवते, खुर्चीचे चारही बाजूंनी छायाचित्र काढते आणि कशी उचलावी याची सूचना मोठ्या अक्षरांत तिच्यावर चिकटवते. जिथे शक्य असेल तिथे उतारपट्टी असलेल्या रेल्वेने जाते, कारण तिथे मी माझ्याच खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहू शकते. असा प्रवास करणाऱ्यांनी आपल्या युक्त्या इथे आवर्जून लिहाव्यात.

*

गटासोबत, मार्गदर्शकामागून केलेल्या सहलींना पुष्कळ जण नाक मुरडतात, म्हणून थोडे लिहितो. ५ जुलै १८४१ रोजी, गटसहलींचे जनक मानले जाणारे थॉमस कुक यांनी इंग्लंडमधल्या लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे जणांना एका खास रेल्वेगाडीने नेले, ते दारूबंदीच्या सभेसाठी. जे एकटे कधीच निघाले नसते त्यांना कुणीतरी तिकीट, वेळ आणि सोबत हे तिन्ही आयते दिले. पत्नीच्या निधनानंतर, वयाच्या ७१ व्या वर्षी, मलाही नेमके हेच हवे होते. सकाळी आठला खाली कुणीतरी आपली वाट पाहत आहे, या एका गोष्टीसाठी मी गेलो आणि पुन्हा जाणार आहे.

*

मी नोकरी सोडल्यावर स्पेनमधल्या सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पदयात्रेला गेले. फ्रान्सच्या हद्दीतील सेंट-झाँ-प्ये-द-पोर येथून निघाल्यास ही वाट सुमारे ७८० किलोमीटरची आहे. पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वताचा साडेबाराशे मीटरचा चढ आहे. पुढे वाट दाखवणारे पिवळे बाण पाहत चालायचे, मुक्कामाच्या ठिकाणी यात्रापत्रावर शिक्का घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघायचे, एवढाच दिनक्रम. सोबतचे लोक "का निघालात?" असे सहज विचारत आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. तेराव्या दिवशी गुडघा सुजला, म्हणून बुर्गोसनंतरच्या पठारावर मी एक टप्पा बसने गेले. पंचवीस किलोमीटर, म्हणजे माझा पूर्ण दिवस, वीस-पंचवीस मिनिटांत संपला. काचेतून मला खाली मातीच्या वाटेवर चालणारे दोघे दिसले, त्यांना मी आदल्या रात्रीपासून ओळखत होते, आणि मी हात हलवेपर्यंत ते मागे गेले होते. पुढच्या थांब्यावर मी उतरले आणि दोन दिवस विश्रांती घेऊन पुन्हा चालू लागले. पायी येणाऱ्याला शेवटच्या १०० किलोमीटरवर प्रमाणपत्र मिळते, त्यामुळे अनेक जण तेवढेच अंतर चालतात. त्यात उणे काही नाही. सगळ्यांना पाच आठवडे कुठून मिळणार? पण माझी वाट त्या पठारावरच्या बसमध्ये सुरू झाली, असे मला वाटते.

*

फसलेला प्रवास मी लिहितो. आफ्रिकेतील किलिमांजारो पर्वताच्या ५,८९५ मीटर उंच शिखरावर पाऊल ठेवायचे, एवढे एकच कारण होते आणि रजा मोजकी होती, म्हणून पाच दिवसांचा कार्यक्रम घेतला. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असे पर्वतीय वैद्यक सांगते. मी मात्र ३,७२० मीटरवरच्या होरोम्बोच्या मुक्कामाहून ४,७२० मीटरवरच्या किबोच्या मुक्कामी एका दिवसात गेलो. डोके फुटेल असे दुखत होते. मध्यरात्री शिखराकडे निघायची वेळ झाली तेव्हा मला बुटाची नाडी बांधता येईना. बोटे नाडीवर होती, पण गाठीचा क्रमच आठवेना. वाटाड्याने खाली वाकून माझ्या डोळ्यांत विजेरी धरली, दोन प्रश्न विचारले आणि माझी पाठपिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मी त्याच्याशी वाद घातला, त्याबद्दल आजही मला वाईट वाटते. आम्ही अंधारातच खाली उतरलो. होरोम्बोला पोहोचेपर्यंत डोकेदुखी जवळजवळ गेली होती आणि बुटाची नाडी मी न पाहता बांधली.

आता पुन्हा जायचे आहे. या वेळी तिकिटाआधी रजेचा अर्ज दिला आहे. लेमोशो या अधिक दिवसांच्या वाटेने आठ दिवस चढउतार आणि शिवाय दोन दिवस हाताशी, अशी मागणी केली आहे, आणि तोच वाटाड्या मोकळा आहे का हे विचारले आहे.