वधूचं वस्त्र: दिलेलं की कमावलेलं?

तेलवात
रविवारी पुन्हा येशूच्या दहा कुमारींच्या दाखल्यावर (मत्तय २५) उपदेश झाला: दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या पाच शहाण्या, ज्यांनी सोबत जादा तेल घेतलं, आणि पाच मूर्ख, ज्यांनी घेतलं नाही. सूर नेहमीचाच: जागे राहा, नाहीतर दार बंद होईल. घरी येऊन अध्याय सावकाश वाचला. पाचव्या वचनात सरळ लिहिलंय की वराला उशीर झाला तेव्हा सगळ्याच जणींना डुलक्या आल्या आणि त्या झोपी गेल्या. शहाण्यासुद्धा! म्हणजे फरक जागरणाचा नव्हता, तेलाचा होता. आणि ते तेल ऐनवेळी उसनं मिळालं नाही.

माझं म्हणणं असं, की ख्रिस्ताशी एक होण्याची तयारी म्हणजे कृपेने मिळालेलं जीवन रोज जगणं. प्रकटीकरण १९:८ काढून बघा. कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, वधूला (मंडळीला) शुद्ध, तलम तागाचं वस्त्र नेसायला दिलं आहे. लगेच खुलासा येतो की ते वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्यं. दिलेलंही आणि केलेलंही, एकाच वचनात. 'फक्त कृपा' म्हणणारे हे वचन अर्ध्यावर सोडतात असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कलमी फांदी
नाही पटलं, ताई. हा 'नीतिकृत्यं' शब्द मरणाऱ्या माणसाच्या उशाशी नेऊन बघा. माझ्या बाबांनी उभा जन्म मंडळीची सेवा केली. शेवटच्या आठवड्यात रात्री माझा हात धरायचे आणि माझ्याच बोटांवर मोजायचे: कुणाला दुखावलं, कोणत्या आजाऱ्याला भेटायचं राहिलं, कोणाला दिलेला शब्द मोडला. मग विचारायचे, "एवढ्यावर होईल का रे?" इतक्या वर्षांच्या विश्वासी माणसाच्या तोंडी हा प्रश्न आला कुठून? तयारी करा, तयारी करा, हे ऐकून ऐकूनच.

प्रेषित पौल इफिसकरांना सांगतो की तारण देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही (२:८-९). येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या चोराकडे कुठलं वस्त्र होतं? त्याला 'आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं वचन मिळालं.

ओंजळ
तुमच्या बाबांचं वाचून गलबलून आलं. पण दुसरी बाजू मी घरात सोसली आहे. माझ्या सख्ख्या भावाने माझ्या वाट्याचे पैसे परस्पर उचलले. विचारलं तर म्हणतो, "मी देवापुढे रडलोय, त्याने क्षमा केली. आता तू कोण विचारणारी?" कृपा या शब्दाची मला तेव्हापासून धास्ती बसली आहे.

जक्कय या जकातदाराच्या घरी येशू आपणहून गेला, तो सुधारायची वाट न बघता. मान्य. पण जक्कय उभा राहून म्हणाला की कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो. 'आज या घराला तारण झालं' हे येशूचे शब्द त्यानंतर येतात (लूक १९). माझ्याकडे चौपट सोडा, मुद्दलही आलेली नाही.

कलमी फांदी
तुमच्या भावाने केली ती लबाडी. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल हाच प्रश्न घेतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का? कदापि नाही, असं त्याचं उत्तर आहे. पण एकाच्या लबाडीपायी बाकीच्यांच्या उशाला हिशेबाची वही ठेवू नका.

दीपमाळ
मत्तय २२ मधल्या राजाच्या लग्नमेजवानीच्या दाखल्यात लग्नाचं वस्त्र न घातलेल्याला बाहेर काढलं ना? मग वाद कसला?

जुना वाचक
दीपमाळ, त्याच दाखल्यात वाटेवरून बरेवाईट सगळे आत आणले होते, ते वाचलंत का? वस्त्र यजमानच द्यायचा असं उपदेशात ऐकायला मिळतं, पण मत्तयाने तसं लिहिलेलं नाही. विचारल्यावर तो माणूस निरुत्तर झाला, एवढंच आहे.

हा वाद फार जुना आहे. पाचव्या शतकात, माणूस स्वतःच्या प्रयत्नाने नीतिमान होऊ शकतो म्हणणाऱ्या पेलाजियसविरुद्ध कृपेची बाजू घेऊन ऑगस्टीन उभा राहिला. पुढे सुधारणेच्या काळात चर्च कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट असं दुभंगलं आणि १५४७ साली कॅथोलिकांच्या त्रेंतच्या परिषदेने आपली बाजू ठरावात मांडली. नंतर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथोलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचं सार असं, की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या पुण्याईवर नव्हे. आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करते.

मला स्वतःला २ करिंथ ११:२ ने आधार दिला. पौल तिथे मंडळीचं ख्रिस्ताशी वाग्दान (लग्न ठरवणं) केल्याची भाषा वापरतो. त्या काळी वाग्दान मोडायलाही सूटपत्र लागायचं. योसेफाने मरीयेबाबत तोच विचार केला होता. म्हणजे वाग्दत्त वधू आधीच त्याची असते. ती निष्ठेने राहते ते पसंतीला उतरावं म्हणून नाही, पसंती कधीच झालेली असते.

आणि चोराचं म्हणाल, तर मिळालेल्या त्या थोड्या वेळात त्याने सोबत्याला दटावलं, आपला गुन्हा कबूल केला आणि येशूला निर्दोष म्हटलं. हात खिळलेले असताना आणखी काय करणार होता?

तेलवात
वाग्दानाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कलमी फांदी, 'अर्ध्यावर सोडतात' हे माझे शब्द मी मागे घेते. तुमच्या बाबांजवळ मी बसले असते तर वचनाचा पहिला भागच वाचला असता: नेसायला दिलं आहे. तिथेच थांबले असते. ओंजळच्या भावापुढे मात्र दुसरा भाग वाचावाच लागेल. वचन एकच, पण कुणासमोर बसलोय ते बघून उघडायला हवं, हे मला आज कळतंय.

कलमी फांदी
त्या रात्री कुणीतरी हे वाचायला हवं होतं. मला सुचलं नाही. मी नुसता हात धरून बसलो होतो.

ओंजळ
दादा, हात धरलात तेच खूप होतं.

भावाला दुसरा भाग मी मनातल्या मनात शंभरदा वाचून दाखवलाय. स्वतःपुढे काय वाचायचं, हा विचार आज पहिल्यांदा आला. त्याचा नंबर तीन वर्षं ब्लॉक करून ठेवलाय, तो काढते. पैशाचं विचारणार आहे, ते सोडलेलं नाही. पण आधी तो कसा आहे ते विचारेन.