पाण्याचा पडदा फाटतो की तुटतो?

प्रश्न : फवारणीच्या नोझलबद्दल मराठीत लिहितेय. फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा देणाऱ्या) नोझलमधून पाणी आधी पातळ शीट होऊन बाहेर येतं आणि थोडं पुढे गेल्यावर त्याचे थेंब होतात. या शीटला काय म्हणू, पडदा की पापुद्रा? आणि ब्रेकअपला, म्हणजे शीटचे थेंब होण्याला, ‘विघटन’ चालेल का?

– विघटन नको ताई, ते वाचून कचरा कुजणं आठवतं, इथे पाण्याचं पाणीच राहतंय. शीटला पडदाच म्हणा, पापुद्रा कशावर तरी धरलेला असतो आणि हे पाणी दोन्ही बाजूंनी हवेत मोकळं असतं.

पण खरी मजा क्रियापदात आहे. आपण कापड फाटलं म्हणतो आणि दोरा तुटला म्हणतो, आणि नोझलपुढे नेमक्या या दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पडदा पसरत पातळ होत जातो, हवेमुळे झेंड्यासारखा फडफडायला लागतो, लाटा मोठ्या होतात आणि तो आडव्या पट्ट्यांत फाटतो, नाहीतर मधेच भोक पडतं. भोक पडलं की पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आकसायची ओढ, त्याची कड मागे ओढतो, पडदा 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असेल तर ही कड सेकंदाला जवळपास पावणेचार मीटर पळते, आणि पातळ असेल तर अजून जोरात. मग पट्ट्या आकसून, भोकांच्या मधलं पाणी गोळा होऊन, त्याचे दोरे होतात आणि ते दोरे तुटून थेंब.

दोन्हीची कारणंसुद्धा वेगळी हो. सपाट पडद्यावर लाट आली तर पृष्ठताण तिला दाबायलाच बघतो, फाडायचं काम हवा करते. दोऱ्यात मात्र पृष्ठताणच तोडणारा. लाट दोऱ्याच्या परिघापेक्षा लांब असली की ती वाढतच जाते हे बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ प्लेटो यांनी (ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो नव्हे) दाखवलं, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी 1878 मध्ये गणित मांडलं की सगळ्यात वेगाने वाढणारी लाट दोऱ्याच्या व्यासाच्या साधारण साडेचार पट लांब असते. तेवढ्या लांबीतलं पाणी गोळा होऊन एक थेंब होतो. म्हणून थेंब दोऱ्याच्या जवळपास 1.9 पट जाड निघतो. तेव्हा दोन्हीला एकच शब्द वापरू नका, पडदा फाटतो, दोरा तुटतो.

– वरच्याशी सहमत. थेंबांना ‘तुषार’ लिहायचा मोह होईल पण जपून, तुषार सिंचनाचे थेंब मिलिमीटरच्या घरातले असतात आणि फवारणीचे त्यापेक्षा कितीतरी बारीक. 100 मायक्रॉनच्या खालचे तर वाऱ्यावर शेजारच्या पिकात जातात. सरळ ‘बारीक थेंब’ लिहा. शिंतोडा पण नको, तो कशावर तरी उडाला तरच शिंतोडा.

आणि ‘भोकं पडून फाटणं’ हे ‘फडफडून फाटणं’ यापासून वेगळंच ठेवा. तेलकट ईसी औषध (पाण्यात मिसळल्यावर दुधाळ होणारं) पाण्यात घातलं की पडद्याला भोकं लवकर पडतात, म्हणजे तो जाड असतानाच नोझलच्या जवळ फाटतो, दोरे जाड होतात, थेंब मोठे येतात. नोझल तेच, प्रेशर तेच, तरी साध्या पाण्यापेक्षा वाऱ्यावर कमी उडतं. फवारणी करणाऱ्याला हे माहीत असायला हवं.