पवित्र जगणं: तुम्ही पाहिलेलं, तुम्ही जपलेलं

सांजवात
परवा उपासनेत बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय वाचला आणि आजी आठवली. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको, असं १३व्या वचनात आहे. आजीला वचनाचा आकडा माहीत नसावा, पण कामाला आलेल्याचे पैसे दिवेलागणीच्या आत त्याच्या हातात पडायचेच. सुटे नसले तर शेजारून आणायची. आम्हाला वाटायचं, घायकुतीला येते उगाच. अध्याय सुरू होतो ‘पवित्र असा’ या आज्ञेने, आणि पुढे काय, तर आईबाप, मजूर, बहिरा, आंधळा, वजनमापं! असं जगणारं कोणी पाहिलंय का? लिहा.

खारूताई
माझे सासरे. हिशेबनीस होते. वरून खोटी बिलं चढवायला सांगितली, यांनी नाही म्हटलं, बढती गेली. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कधी साक्ष म्हणूनही सांगितलं नाही. सासूबाईंकडून कळलं, तेही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. बाकी तापट आहेत हां. टीव्हीचा रिमोट कुणाला देत नाहीत.

रात्रपाळी
ड्यूटी संपली की खोलीत मी आणि मोबाईल. एकट्या पोराला काय मोह होतो ते सांगायला नको. मंडळीतल्या एका दादाला दर आठवड्याला सगळं सांगतो, याकोब ५:१६ प्रमाणे. लाज वाटते, पण तो फोन करणार हे माहीत असलं की निम्मं बळ तिथेच येतं. तोच म्हणाला, मोह होणं हे पाप नाही, इब्री ४:१५ वाच.

खारूताई
रात्रपाळी, झोप नीट घेत जा रे बाबा. बायबलमधला एलिया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूताने उपदेश नाही केला, खायला दिलं. परत झोपला तर परत उठवून खायला दिलं.

निवडुंग
पवित्र राहायची माझी पूर्ण तयारी आहे. फक्त शनिवारी गायनमंडळाचा सराव असतो 😄

सोप्रानो
हाहाहा आमच्याकडे पण तेच! नाताळची गाणी अजून ठरत नाहीयेत. कुणाकडे आल्टोचे (बायकांच्या खालच्या आवाजाचे) स्वर लिहिलेले आहेत का?

मळवाट
थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या घरी पवित्र म्हणजे सिनेमा नाही, पत्ते नाहीत, नाच नाही. यादी पाळली की सुटलो. आणि त्याच घरात दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. इब्री १२:१४ सगळ्यांशी शांतीने राहायचं आणि पवित्रीकरण एका दमात सांगतं, पण आमच्याकडे पहिला अर्धा भाग कुणी वाचलाच नव्हता बहुतेक.

सांजवात
मळवाटदादा, पटलं. तरी यादीला अगदीच मोडीत काढू नका. माझ्या काकाची दारू अशाच कडक मंडळीत सुटली, तिथे कुणी ‘चालतं रे’ म्हणणारं नव्हतं.

मळवाट
हे मान्य.

पाळणाघर
बाळ झोपलंय तेवढ्यात लिहिते. पहाटेचं शांत मनन वगैरे सध्या विसरा. धुणं टाकताना एक स्तोत्र, तेही अर्धं. ब्रदर लॉरेन्स म्हणून होते ना सतराव्या शतकात, पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघरात राबता राबता देवाशी बोलायचे, त्यांचा फार आधार वाटतो. पण त्यांना दात येणारं बाळ नव्हतं हेही लक्षात घ्या! उठलं वाटतं, नंतर

निवडुंग
सोप्रानो, आल्टोचे आहेत, फोटो पाठवतो. तिसऱ्या ओळीत एक स्वर चुकलाय. खारूताईंच्या सासऱ्यांना दाखवू नका.